अबुल कासेम फजलुल हक

अबुल कासेम फजलुल हक (जन्म: २६ ऑक्टोबर, १८७३ – मृत्यू: २७ एप्रिल, १९६२) हे अविभाजित बंगाल प्रांताचे पहिले पंतप्रधान, पूर्व बंगालचे मुख्यमंत्री आणि पुढे पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर होते. शेर-ए-बांगला, म्हणजे बंगालचा वाघ, या नावाने ते अधिक ओळखले जातात. १९४० मध्ये लाहोर येथे मुस्लीम लीगचा प्रसिद्ध ठराव त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी त्याच लीगच्या अध्यक्षांशी त्यांचे बिनसले आणि ते पक्षाबाहेर गेले. ज्या पाकिस्तानच्या निर्मितीशी त्यांचे नाव जोडले गेले, त्याच देशाच्या केंद्र सरकारने १९५४ मध्ये प्रचंड बहुमताने निवडून आलेले त्यांचे मंत्रिमंडळ दोन महिन्यांच्या आत बरखास्त केले. प्रांतातील मतदारांचा कौल आणि राष्ट्रीय नेतृत्वाचा हुकूम यांतील झगडा हे त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे मुख्य सूत्र आहे. या झगड्यात ते नेहमीच अन्याय सोसणाऱ्या बाजूला होते असे मात्र म्हणता येत नाही.

प्रारंभिक जीवन

हक यांचा जन्म तत्कालीन बाकरगंज जिल्ह्यातील सातुरिया या गावी, आजोळी झाला. त्यांचे मूळ घराणे बारिसालजवळच्या चाखार येथील होते. वडील मुहम्मद वाजेद हे बारिसालच्या न्यायालयात वकिली करीत. हा सगळा मुलूख नद्यांचा, भातशेतीचा आणि मोठ्या जमीनदाऱ्यांचा होता. जमीनदार बहुधा हिंदू, तर कुळे बहुसंख्येने मुस्लीम अशी तेथील रचना होती. सावकारी कर्ज आणि खंडाखेरीज घेतले जाणारे नाना प्रकारचे नजराणे यांनी ही कुळे पिचलेली होती. हक यांच्या राजकारणाची मुळे येथेच सापडतात.

बारिसालमधील शालेय शिक्षणानंतर ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांत सन्मानासह पदवी मिळवून त्यांनी पुढे गणितात एम.ए. केले. १८९७ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर सर आशुतोष मुखर्जी यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीची उमेदवारी केली. याच आशुतोषबाबूंचे पुत्र श्यामाप्रसाद चार दशकांनंतर हक यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. काही काळ बारिसालमध्ये वकिली आणि अध्यापन केल्यावर १९०६ मध्ये ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट म्हणून सरकारी नोकरीत शिरले, परंतु ती नोकरी त्यांना फार काळ मानवली नाही. राजीनामा देऊन ते कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

राजकारणातील प्रवेश

१९०६ मध्ये ढाक्यात मुस्लीम लीगची स्थापना झाली, त्या घडामोडींत तरुण हक यांचा सहभाग होता. १९१३ मध्ये ते बंगालच्या विधान परिषदेवर निवडून आले. काँग्रेस आणि लीग यांच्यात १९१६ मध्ये झालेल्या लखनौ कराराचे ते एक पुरस्कर्ते होते. त्या काळी दोन्ही संघटनांत एकाच वेळी काम करण्यास आडकाठी नव्हती. १९१८ मध्ये लीगच्या दिल्ली अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि त्याच सुमारास ते काँग्रेसचे सरचिटणीसही होते. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर हक यांनी काम केले.

असहकार चळवळीत मात्र त्यांचा काँग्रेसशी मतभेद झाला. शाळा-महाविद्यालयांवरील बहिष्कार त्यांना मान्य नव्हता. शिक्षणात आधीच मागे पडलेल्या बंगाली मुस्लीम समाजाला हा बहिष्कार परवडणारा नाही, असे त्यांचे मत होते. १९२४ मध्ये ते काही महिने बंगालचे शिक्षणमंत्री होते. कलकत्त्यातील इस्लामिया कॉलेजच्या उभारणीला त्यांनी याच काळात चालना दिली. हे महाविद्यालय आज मौलाना आझाद कॉलेज या नावाने चालू असून शेख मुजीबुर रहमान हे त्याचे विद्यार्थी होते. लंडनच्या गोलमेज परिषदांना हक उपस्थित होते आणि १९३५ मध्ये ते कलकत्त्याचे पहिले मुस्लीम महापौर झाले.

कृषक प्रजा पक्ष आणि १९३७ची निवडणूक

कुळांच्या हितासाठी १९२९ पासून काम करणाऱ्या प्रजा समितीचे नेतृत्व हक यांच्याकडे आले आणि १९३६ मध्ये तिचे रूपांतर कृषक प्रजा पक्षात झाले. जमीनदारी नष्ट करणे, कर्जमुक्ती आणि प्रत्येकाच्या पानात डाळभात, एवढाच या पक्षाचा सुटसुटीत कार्यक्रम होता. १९३७च्या निवडणुकीत हक यांनी पटुआखाली मतदारसंघात ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्याविरुद्ध स्वतः उभे राहण्याचा निर्णय घेतला. नाझिमुद्दीन हे ढाक्याच्या नवाब घराण्यातील, उर्दूभाषक, गव्हर्नरच्या मर्जीतले आणि त्या भागातील जमीनदारीशी नाते असलेले. हक हे बारिसालच्या बोलीत भाषणे करणारे वकील. या लढतीकडे सगळ्या प्रांताचे लक्ष लागले होते आणि ती हक यांनी मोठ्या फरकाने जिंकली.

२५० सदस्यांच्या विधानसभेत कोणालाही बहुमत मिळाले नव्हते. हक यांची पहिली पसंती काँग्रेसबरोबर संयुक्त सरकार करण्याला होती. बंगालमधील काँग्रेस नेत्यांशी त्यांच्या वाटाघाटीही झाल्या. परंतु राजबंद्यांची सुटका आधी की कुळकायदा आधी यावर बोलणी अडली, आणि अल्पमतात असलेल्या प्रांतांत मंत्रिमंडळात न जाण्याचे काँग्रेसच्या अखिल भारतीय नेतृत्वाचे धोरण आड आले. परिणामी हक यांना लीगचा आधार घ्यावा लागला. निवडणुकीत पराभूत झालेले नाझिमुद्दीन पोटनिवडणुकीतून सभागृहात येऊन गृहमंत्री झाले. जमीनदारीविरोधी पक्षाच्या नेत्याचे मंत्रिमंडळ जमीनदारांनी भरले. बंगालच्या पुढील इतिहासातील हे एक निर्णायक वळण मानले जाते. त्याची जबाबदारी एकट्या हक यांच्यावर टाकता येत नाही.

प्रांतिक स्वायत्ततेच्या या पहिल्याच प्रयोगात वरिष्ठ नेतृत्व आणि प्रांताचा पंतप्रधान यांचे खटके इतरत्रही उडाले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांना १९३८ मध्ये काँग्रेस श्रेष्ठींच्या रोषामुळे पद सोडावे लागले, हे प्रकरण महाराष्ट्रात परिचित आहे. हक यांच्या बाबतीत असा प्रसंग तीन वर्षांनी आला.

बंगालचे पंतप्रधानपद (१९३७–१९४३)

मंत्रिमंडळाची घडण अशी असूनही हक यांनी कुळांसाठी केलेले काम मोठे आहे. १९३८च्या कुळकायदा दुरुस्तीने जमीन हस्तांतराच्या वेळी जमीनदाराला द्यावा लागणारा नजराणा आणि बेकायदा पट्ट्या रद्द झाल्या, तसेच खंडवाढीला दहा वर्षे स्थगिती मिळाली. कर्जलवाद मंडळे खेडोपाडी पोहोचली. १९४०च्या सावकारी कायद्याने व्याजदराला कमाल मर्यादा घातली. १७९३ पासून चालत आलेल्या कायमधारा पद्धतीची तपासणी करण्यासाठी फ्लाउड आयोग नेमण्यात आला आणि १९४० मध्ये त्याने जमीनदारी रद्द करण्याची शिफारस केली. शिक्षण खाते हक यांनी स्वतःकडे ठेवले होते. कलकत्त्याचे लेडी ब्रेबोर्न कॉलेज आणि ढाक्यातील कृषी संस्था या काळातील आहेत.

याच वर्षांत हिंदू समाजात त्यांच्याविषयी तीव्र नाराजीही निर्माण झाली. सरकारी नोकऱ्यांतील मुस्लिमांचा वाटा वाढवणे, कलकत्ता महापालिकेत विभक्त मतदारसंघ आणणे आणि माध्यमिक शिक्षणावर नवे नियंत्रण मंडळ नेमू पाहणारे विधेयक ही त्यामागची प्रमुख कारणे होती. १९३७च्या लखनौ अधिवेशनात हक लीगमध्ये दाखल झाले होते आणि शेर-ए-बांगला हे नाव त्यांना तेव्हापासून मिळाले असे सांगितले जाते.

२३ मार्च, १९४० रोजी लाहोरच्या अधिवेशनात त्यांनी लीगचा ठराव मांडला. पाकिस्तान हा शब्द त्या ठरावात नव्हता. वायव्य आणि पूर्व भारतातील मुस्लीमबहुल प्रदेशांत स्वतंत्र राज्ये असावीत, असा त्यातील शब्दप्रयोग अनेकवचनी होता. १९४६ मध्ये लीगच्या लोकप्रतिनिधींच्या दिल्लीतील परिषदेने या अनेकवचनाचे एकवचन केले. पूर्व बंगालच्या स्वायत्ततेचे पुरस्कर्ते पुढे कायम मूळ ठरावाकडेच बोट दाखवीत राहिले.

जीनांशी संघर्ष

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी युद्धकालीन राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमले. त्यावर पंजाबचे सिकंदर हयात खान, आसामचे सादुल्ला आणि बंगालचे हक यांना प्रांतांचे पंतप्रधान या नात्याने घेण्यात आले. लीगचे अध्यक्ष महंमद अली जीना यांना न विचारता या नेमणुका झाल्या होत्या. जीनांनी तिघांनाही राजीनामे देण्यास फर्मावले. इतर दोघांनी ते निमूटपणे दिले. हक यांनीही मंडळ सोडले, परंतु त्याबरोबर लीगच्या कार्यकारिणीचाही राजीनामा दिला. लियाकत अली खान यांना लिहिलेल्या पत्रात, बंगालच्या कोट्यवधी मुस्लिमांचे हित बाहेरच्या प्रांतांतील नेत्यांच्या मर्जीवर सोपवले जात असल्याची तक्रार त्यांनी सडेतोड शब्दांत केली.

या तक्रारीमागचा प्रश्न व्यक्तिगत मानापमानापुरता नव्हता. प्रांताचा पंतप्रधान आपल्या विधानसभेला उत्तरदायी असतो. त्याने कोणत्या मंडळावर बसावे हे दुसऱ्या प्रांतात राहणारा पक्षाध्यक्ष ठरवू लागला, तर विधानसभेचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न त्यात होता. जीनांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. व्हाइसरॉय प्रांतिक नेत्यांना परस्पर हाताशी धरू लागले, तर अखिल भारतीय पातळीवर मुस्लिमांच्या वतीने बोलण्याचा लीगचा दावा पोकळ ठरला असता.

डिसेंबर १९४१ मध्ये लीगच्या मंत्र्यांनी राजीनामे देऊन सरकार पाडले. हक यांनी त्याच महिन्यात हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी, शरच्चंद्र बोस यांचा गट आणि इतरांना बरोबर घेऊन नवे संयुक्त मंत्रिमंडळ बनवले. श्यामा-हक मंत्रिमंडळ या नावाने ते ओळखले जाते. जीनांनी हक यांना लीगमधून काढून टाकले, तर ब्रिटिश सरकारने शरदबाबूंना मंत्रिमंडळ बनण्याच्या तोंडावरच अटक केली.

हे मंत्रिमंडळ चालवणे अतिशय अवघड होते. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला होता. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील तांदूळ हलवण्याचे आणि होड्या जप्त करण्याचे धोरण लष्कर व गव्हर्नर सर जॉन हर्बर्ट यांनी मंत्र्यांना डावलून राबवले. होडी हेच जिथे बाजाराला, शेताला आणि मासेमारीला जाण्याचे साधन होते, तिथे या जप्तीने लोकांचे जगणेच थांबले. हक यांनी गव्हर्नरकडे लेखी निषेध नोंदवला. मिदनापूरमधील दडपशाहीनंतर श्यामाप्रसाद मुखर्जींनी नोव्हेंबर १९४२ मध्ये राजीनामा दिला. २८ मार्च, १९४३ रोजी हर्बर्ट यांनी हक यांना बोलावून आधीच टंकलिखित करून ठेवलेल्या राजीनाम्यावर त्यांची सही घेतली. काही दिवसांपूर्वीच सभागृहातील मतदानात त्यांचे मंत्रिमंडळ तरले होते. काही आठवडे गव्हर्नरची राजवट चालवून एप्रिलमध्ये नाझिमुद्दीन यांच्याकडे सरकार सोपवण्यात आले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मेली.

फाळणीनंतर

१९४६च्या निवडणुकीत लीगच्या लाटेत कृषक प्रजा पक्ष जवळजवळ वाहून गेला, हक स्वतः मात्र निवडून आले. त्यानंतर ते पुन्हा लीगमध्ये परतले, परंतु निर्णयप्रक्रियेत त्यांना स्थान नव्हते. फाळणीनंतर ते ढाक्यात स्थायिक झाले आणि काही काळ पूर्व बंगालचे महाधिवक्ता होते.

नव्या देशाच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्या पूर्व बंगालात होती, तर राजधानी, सैन्य आणि सनदी सेवा यांची सूत्रे पश्चिमेकडे होती. मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जीनांनी उर्दू हीच राष्ट्रभाषा राहील असे जाहीर केले. तोवर पंतप्रधान झालेल्या नाझिमुद्दीन यांनी जानेवारी १९५२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. २१ फेब्रुवारी, १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि प्रांतातील लीगचा पाया तेथेच खचला. एप्रिल १९५३ मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभेचा विश्वास गमावलेला नसतानाही नाझिमुद्दीन यांना पदच्युत केले.

संयुक्त आघाडी आणि १९५४ची बरखास्ती

डिसेंबर १९५३ मध्ये हक यांचा कृषक श्रमिक पक्ष, मौलाना भासानी आणि हुसेन शहीद सुहरावर्दी यांची अवामी लीग आणि इतर काही पक्ष यांनी संयुक्त आघाडी उभी केली. तिच्या २१ कलमी जाहीरनाम्यात बंगालीला राजभाषेचा दर्जा, तागाच्या व्यापाराचे राष्ट्रीयीकरण, २१ फेब्रुवारीला सुटी आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व चलन वगळता पूर्ण प्रांतिक स्वायत्तता या मागण्या होत्या. स्वायत्ततेच्या कलमाला आधार लाहोर ठरावाचाच घेतलेला होता.

मार्च १९५४च्या निवडणुकीत मुस्लीम मतदारसंघांतील २३७ पैकी २२३ जागा आघाडीने जिंकल्या. सत्ताधारी लीगच्या वाट्याला जेमतेम नऊ-दहा जागा आल्या. मुख्यमंत्री नुरुल अमीन यांना एका विद्यार्थी नेत्याने पराभूत केले. ३ एप्रिल रोजी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या हक यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

या निकालाची धास्ती कराचीला वाटण्याचे कारण स्पष्ट होते. देशाची घटना तयार करणाऱ्या संविधान सभेतील पूर्व बंगालचे सदस्य मुख्यतः लीगचे होते आणि लीगला त्यांच्याच प्रांताने झिडकारले होते. ही सभा आता पूर्व बंगालचे प्रतिनिधित्व करीत नाही, असे आघाडी म्हणू लागली. तशातच केंद्र सरकार अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार करण्याच्या बेतात होते आणि पूर्व बंगालच्या अनेक नवनिर्वाचित आमदारांनी त्याला जाहीर विरोध केला.

केंद्राला निमित्ते लवकरच मिळाली. कलकत्त्याच्या भेटीत हक यांनी दोन्ही बंगालांच्या भाषिक-सांस्कृतिक ऐक्यावर भावनेच्या भरात भाषण केले आणि कराचीच्या वृत्तपत्रांनी ते देशद्रोहाचे ठरवले. १५ मे रोजी मंत्रिमंडळाचा विस्तार होत असतानाच नारायणगंजच्या आदमजी ताग गिरणीत बंगाली आणि बिगरबंगाली कामगारांत दंगल उसळून शेकडो माणसे मारली गेली. त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराने हक यांची मुलाखत प्रसिद्ध केली. पूर्व बंगालचे स्वातंत्र्य हा त्यांचा हेतू असल्याचे त्यात म्हटले होते. आपण असे बोललो नाही, असे हक यांनी कराचीत जाऊन सांगितले, पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तेथे कोणी नव्हते. सैल जिभेचा राजकारणी म्हणून हक यांची ख्याती होतीच. तरीही विधानसभेत बहुमत कोणाचे, हा साधा प्रश्न या सगळ्या गदारोळात कोणी विचारला नाही.

३० मे, १९५४ रोजी कलम ९२-अ लावून मंत्रिमंडळ बरखास्त झाले. संरक्षण सचिव इस्कंदर मिर्झा यांना गव्हर्नर म्हणून पाठवण्यात आले. हक यांना त्यांच्या घरातच स्थानबद्ध केले गेले, मंत्री शेख मुजीबुर रहमान यांच्यासह शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले. पंतप्रधान मोहम्मद अली बोग्रा यांनी रेडिओवरून हक यांना देशद्रोही ठरवले. बोग्रा स्वतः बंगालीच होते. पाच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर रोजी, गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभाच विसर्जित केली. प्रांतातील निवडून आलेले सरकार घालवताना मूक राहिलेल्या केंद्रीय प्रतिनिधींवरही तीच वेळ आली.

मंत्रिपद आणि गव्हर्नरपद

बरखास्तीनंतर आघाडी फुटली. हक आणि सुहरावर्दी यांच्यातील जुने वैर उफाळून आले आणि केंद्रातील सत्ताधाऱ्यांनी कधी एकाला, तर कधी दुसऱ्याला जवळ केले. ऑगस्ट १९५५ मध्ये चौधरी मुहम्मद अली यांच्या मंत्रिमंडळात हक चक्क केंद्रीय गृहमंत्री झाले. सव्वा वर्षापूर्वी ज्याला देशद्रोही म्हटले गेले, त्याच्या हाती देशाची अंतर्गत सुरक्षा आली. यावरून आधीच्या आरोपाचे खरे वजन कळते. २३ मार्च, १९५६ रोजी पाकिस्तानची पहिली राज्यघटना अमलात आली. त्यात बंगालीला उर्दूच्या जोडीने राजभाषेचे स्थान मिळाले, परंतु लोकसंख्येने मोठ्या असलेल्या पूर्व भागाला केंद्रीय कायदेमंडळात निम्म्याच जागा मिळाल्या.

त्याच महिन्यात हक पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर झाले. या पदावरील त्यांची वागणूक त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीत टाकणारी आहे. ३१ मार्च, १९५८ रोजी त्यांनी अवामी लीगच्या अताउर रहमान खान यांचे मंत्रिमंडळ बरखास्त करून आपल्या पक्षाचे अबू हुसेन सरकार यांना मुख्यमंत्री केले. ज्या अधिकाराचा फटका त्यांना १९४३ आणि १९५४ मध्ये बसला होता, तोच त्यांनी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वापरला. केंद्रातील फिरोज खान नून यांचे सरकार सुहरावर्दींच्या पाठिंब्यावर टिकून होते. त्यांनी त्याच रात्री हक यांना पदावरून दूर केले. हंगामी गव्हर्नरांनी अबू हुसेन सरकार यांना हटवून अताउर रहमान यांना परत आणले.

त्यानंतरच्या काही महिन्यांत ढाक्यात मंत्रिमंडळे पत्त्यांप्रमाणे कोसळत राहिली. सप्टेंबरमध्ये विधानसभेतील हाणामारीत उपसभापती शाहेद अली जबर जखमी झाले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. ७ ऑक्टोबर, १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी राज्यघटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला. वीस दिवसांनी जनरल अयुब खान यांनी मिर्झांनाच देशाबाहेर घालवले. पहिली सार्वत्रिक निवडणूक पुढच्या वर्षी व्हायची होती, ती बारा वर्षे लांबली.

अखेर आणि स्मृती

लष्करी राजवट आल्यावर हक सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले. धिप्पाड देहयष्टी, दांडगा आहार, सढळ हात आणि त्यापायी झालेली कर्जे यांच्या कथा बारिसालकडे आजही सांगितल्या जातात. २७ एप्रिल, १९६२ रोजी ढाक्यात त्यांचे निधन झाले.

ढाक्यातील शेर-ए-बांगला नगर या भागाला त्यांचे नाव असून बांगलादेशाचे संसद भवन तेथेच आहे. बारिसालचे वैद्यकीय महाविद्यालय, ढाक्याचे कृषी विद्यापीठ आणि क्रिकेट रसिकांना परिचित असलेले मीरपूरचे मैदानही त्यांच्या नावाने ओळखले जाते. ढाका विद्यापीठाच्या परिसरात त्यांची कबर आहे. १९६३ मध्ये सुहरावर्दी आणि १९६४ मध्ये ख्वाजा नाझिमुद्दीन यांचेही दफन तेथेच, त्यांच्या शेजारी करण्यात आले. हे स्थान तीन नेत्यांची मजार म्हणून ओळखले जाते.